रॅम्प मागच्या बाजूला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. बहिणीपाशी एकदा विषय काढला होता, पण तेवढ्यात तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी बोलणं बदललं. बरंच वाटलं. म्हणजे बघा — सांगायचं नव्हतंच मला.

जिंतूर तालुक्यातल्या एका गावच्या प्राथमिक शाळेत मी शिकवते. गावाचं नाव राहू द्या. वंदना बदलून आमच्याकडे आली तेव्हा मी तिथली सगळ्यात जुनी शिक्षिका होते. लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय गेलेले. बोरीहून तीनचाकी स्कूटरवर यायची. स्कूटर निंबाखाली लावली की मुली शाळेतली चाकाची खुर्ची तिच्यापाशी ढकलत न्यायच्या. पण अंगणातून व्हरांड्यात चढायला तीन उंच दगडी पायऱ्या. तिथं तिला थांबावंच लागायचं. मग एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने खिचडी शिजवणाऱ्या काशीबाई, अशी आम्ही खुर्ची उचलून वर घ्यायचो. रोज.

गाव बघायचं. "बाई, लय पुण्य लागंल तुमाला," पोरांना सोडायला आलेल्या बाया म्हणायच्या. मी नुसती मान हलवायची, काही विशेष नाही अशी. पण आतून? आतून फुगायची मी.

आणि एक सांगते. कधीकधी ती पायऱ्यांपाशी येऊन हाक मारायची — "मॅडम, येता का?" — आणि मी ऐकलेलं असायचं. स्वच्छ ऐकलेलं. तरी हजेरीपत्रकावर पेन फिरवत बसायची. ती उन्हात, मी पंख्याखाली. पाच मिनिटं. कधी दहा. मग धावत आल्यासारखं करायचं, अगं बाई, ऐकूच नाही आलं! ती हसायची. "असू द्या मॅडम. तुमच्यामुळं तर चाललंय माझं."

हे वाक्य. ह्या एका वाक्यासाठी मी तिला उन्हात ठेवत होते. कळतंय का तुम्हाला, मी काय सांगतेय ते?

मग शाळेच्या दुरुस्तीचं काम मंजूर झालं. गळकं छत, फुटलेल्या फरशा, मुलींचं स्वच्छतागृह — आणि रॅम्प. हेडसरांनी आराखड्याचं सगळं माझ्यावर सोपवलं. तुम्हाला शाळेचा कोपरा न् कोपरा माहीत आहे, म्हणाले. वंदनाला तर रात्रभर झोप आली नसेल, इतकी खूश. म्हणाली, "मॅडम, आता तुमचा त्रास वाचणार."

माझा त्रास. उद्यापासून ही आपली आपण वर जाणार. पायऱ्यांपाशी कुणाची वाट बघणार नाही. मग माझं काय राहिलं?

इंजिनिअर आला त्या दिवशी वंदना तालुक्याला प्रशिक्षणाला गेली होती. दिवस मीच ठरवला होता — तेही सांगून टाकते. तरणा होता तो, टेप घेऊन अंगणभर फिरला. समोर भिंतीच्या कडेने भरपूर जागा होती, लांब, सावकाश चढणारा रॅम्प आरामात बसला असता. तो खडूने रेघही मारायला लागला. मी म्हटलं, इथं नको, मागं पाण्याच्या टाकीशेजारी घ्या.

त्याने मागं जाऊन माप घेतलं. "मॅडम, हितं जागाच न्हाई. चढ लय होईल. खुर्ची एकट्या माणसाला चढवणं व्हायचं न्हाई."

मी म्हटलं, आमच्या मॅडमनीच मागून मागितलाय. समोरून चढताना सगळे बघतात, लाज वाटते त्यांना.

बिचारा. लाज म्हटल्यावर पुढे काय बोलणार? "असं असेल तर ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि कागदावर लिहून घेतलं — संबंधित शिक्षिकेच्या विनंतीवरून. खाली मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

वंदनाला मी सांगितलं, रॅम्प मागं घेताहेत, वरूनच तसं ठरलंय. ती एवढंच म्हणाली, "असं कसं?" तिचा माझ्यावर विश्वास होता.

रॅम्प झाल्यावर पहिल्याच दिवशी ती एकटी चढायला गेली. कुणाला बोलावलं नाही. अर्ध्यावर चाकं मागं यायला लागली, हात सुटला आणि खुर्चीसकट ती टाकीवर आदळली. उजवं मनगट मोडलं. तिला जीपमध्ये घालून परभणीला नेताना मी शेजारी बसले होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन. वाईट वाटत होतं का मला? वाटत असेल. पण मनात पहिला विचार कोणता आला, सांगू? — आता परत मलाच बोलवावं लागेल हिला.

प्लास्टर घालून ती रिक्षाने शाळेत हजर झाली तेव्हा हेडसर चिडलेच. "एवढा चढ व्हता तर मागून मागितला कशाला मॅडम तुमी?"

"मी? मी न्हाई मागितला सर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले? म्हणाले, अगं, तूच म्हणाली नव्हतीस का, समोरून लाज वाटते? आणि सरांकडे वळून, हलक्या आवाजात, काळजीने — दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत ना तिला, विसरली असेल.

वंदना माझ्याकडे बघत राहिली. "मला लाज वाटत न्हाई मॅडम," ती म्हणाली. "कधीच वाटली न्हाई."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला पोरं अंगणात रांगेत उभी होती. वंदनाची खुर्ची पायऱ्यांपाशी आली. मी लगबगीने खाली उतरले, हात पुढे केला. तिने तो बघितला नसल्यासारखं केलं. खुर्चीतून खाली सरकली, पायरीकडे पाठ केली, आणि डावा हात टेकून मागच्या मागं एकेक पायरी चढायला लागली. साडी दगडावर घासत होती. पाय मागून ओढले जात होते. शेदीडशे पोरं बघत होती. काशीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि रिकामी खुर्ची एकटीने वर आणून ठेवली. मी तिथंच उभी. हात अजून पुढेच होता माझा.

बदली मिळेपर्यंत ती रोज अशीच चढली. प्लास्टर निघाल्यावरही. मला पुन्हा कधी हाक मारली नाही. मग ती पाथरीकडच्या एका शाळेवर गेली. निरोपाच्या कार्यक्रमात मी तिच्या जिद्दीवर भाषण केलं. छान झालं. टाळ्या पडल्या.

आता मी त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. मागच्या महिन्यात पुन्हा दुरुस्तीचा आराखडा निघाला. नवा इंजिनिअर आला, जुनी फाईल चाळली, मागचा रॅम्प पाहून हसला. त्यावर आता काशीबाईंची सरपणाची मोळी असते. समोरच घेऊ म्हणाला, नियमच आहे. मग थांबून त्याने विचारलं, "त्या मॅडमनी खरंच मागून मागितला व्हता का?"

हो, मी म्हणाले.

"त्यांचा नंबर असेल तर द्या. खुर्ची वापरणाऱ्या माणसाला विचारलेलं बरं, काय काय लागतं ते."

नंबर माझ्या फोनमध्ये आहे. फोन टेबलावर होता, त्याच्यासमोर. मी म्हणाले, नाही हो, बदलला असेल त्यांनी.