विंझरहून आणलेली आई

लॉरी सुटली तरी आई उंबऱ्यातून पुढं आली नाही. "जा, लेकी," एवढंच म्हणाली. लग्नानंतर दोन वर्षांनी मी माहेरच्या विंझर गावाहून नवऱ्याबरोबर पुण्याला निघाले होते. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण माझ्या मनात संशय होता.

आदल्या दिवशी गोठ्यामागं रक्ताचं फडकं पुरताना मी तिला पाहिलं होतं. वडील जाऊन सहा वर्षं झालेली, तिची पाळी जाऊन चार. काकूंनीही पाहिलं असावं. चुलीपाशी त्या म्हणाल्या, "विधवेला रगत कुठनं येतं, कळत न्हाई व्हय आमाला?" मी आईची बाजू घेतली नाही.

पुण्यात नवरा कारखान्यात लागला, मी बायकांच्या दवाखान्यात आया. ड्यूटी, वॉर्ड, फिनेलचा वास. गावचं कुणी भेटलं तर आईविषयी विचारायचं मी टाळायची.

एकदा डॉक्टरीणबाई एका म्हातारीला विचारत होत्या, "पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं? अंगावरून वासाचं पाणी जातं?" ती होकारार्थी मान डोलावत राहिली. बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. फार उशिरा आली. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून बायका लपवतात."

त्याच आठवड्यात मी विंझर गाठलं.

आईनं रोखून पाहिलं. "काकूनं धाडलं व्हय, माझी झडती घ्यायला?"

"न्हाई. पण म्याबी तुझ्यावर संशय घेतला, आई. चुकले."

ती तांदूळ निवडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "पहिल्यांदा डाग दिसला तवाच सांगायचं हुतं. पर कुणाला सांगू?"

मी तिला पुण्याला आणलं, डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रोग अजून पिशवीच्या तोंडापाशीच होता. त्यांनी चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं, तिथं रोग जाळायला रेडियम लावलं. तिकडं गावात बोलवा झाली, लेकीनं आईला पोट पाडायला नेलंय.

आई वाचली आणि पुण्यात माझ्याकडंच राहिली. त्याला नऊ वर्षं झाली. विंझरच्या बायांनो, तुमच्यातल्या कुणाला असं काही दिसलं तर लपवू नका. माझ्याकडं या, मी काही विचारणार नाही.

सणावाराला तुमची माणसं अजून निरोप आणतात, म्हातारीला आता घरी आणून सोड. बोलताना त्यांची नजर तिच्या पोटाकडं जाते. आई त्यांना चहा देते आणि म्हणते, "घरीच हाय की म्या."