अक्कांचा वरचा ओठ

फोन आला तेव्हा माझ्या वरच्या ओठावर साबणाचा फेस होता. पुतण्या जालन्याहून बोलत होता, "काकू, आई गेली…" मी म्हणाले, "बरं." असं कुणी 'बरं' म्हणतं का! मग आरशात पाहिलं. पांढऱ्या फेसाची मिशी लावलेली एक बाई रडत होती, आणि अशी काही दिसत होती की अक्का असत्या तर आधी पोटभर हसल्या असत्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मंठ्याजवळच्या आमच्या गावात एकाच चुलीवर आम्ही दोघींनी कितीतरी वर्षं भाकरी थापल्या. अक्का उंच, गोऱ्या, आवाज भारदस्त, आणि वरच्या ओठावर देवानं दिलेली काळी लव. लव कसली, मिसरूडच म्हणा. पण ते कुणाला दिसायचं नाही. का दिसत नाही, ते मला एक्क्याऐंशी साली दाराच्या फटीतून कळलं. कणग्यांच्या खोलीत अक्का माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या होत्या. एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हातात पुरुषांचं दाढीचं रेझर.

मी तेव्हा पंचविशीतली, दोन लेकरांची आई, नवीन जालन्यासारख्या शहरी भागात वाढलेली, अकरावी पास. अक्कल मात्र चौथी नापास. आदल्याच दिवशी अक्कांनी पाहुण्यांसमोर माझ्या भाकरीला 'नकाशा' म्हटलं होतं, तेवढं मला पुरलं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मी तडक त्यांच्याकडे. "आत्याबाई, अक्का तोंडावरून वस्तरा फिरवून राह्यल्या!" आत्याबाईंच्या लेखी सवाष्णीच्या तोंडाला पातं लागणं म्हणजे नवऱ्याच्या आयुष्याला पातं लागणं. रेझर विहिरीत गेलं. (थोरले दीर पुढं वीसेक वर्षं ठणठणीत जगले, ही गोष्ट वेगळी.) त्यानंतर वर्षभर अक्का तोंडावर पदर धरून वावरल्या. हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नात मांडवात न बसता कोठीच्या खोलीत लाडवांच्या परातींपाशी बसून राहिल्या. मी मांडवात होते, नवं लुगडं नेसून.

चुगली कुणी केली, हे आत्याबाईंनी सांगितलं नाही. मी तर कशाला सांगते! अक्कांना ते रेझर आणून दिलं होतं चंपाबाईंनी. शेजारच्या किराणा दुकानाच्या शेठाणी, मूळच्या राजस्थानकडच्या, पण तीन पिढ्या आमच्याच गावच्या. दोघींचं एवढं मेतकूट की भिंतीतल्या खिडकीतून भाजीच्या वाट्या इकडून तिकडं फिरायच्या. ही गोष्ट आपण दोघी सोडून तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही, असं अक्कांना वाटत होतं. म्हणजे सांगणारी चंपीच. अक्कांनी ती खिडकी लावून घेतली ती कायमची. चंपाबाईंनी मला दुकानात दोनदा विचारलं, "सुमन, अक्का काहून बोलत न्हाई गं माझ्याशी? माझं चुकलं तरी काय?" मी म्हणाले, "काय माहीत बाई," आणि साखरेचा पुडा घेऊन घरी आले. पुढं त्यांचं बिऱ्हाड व्यापारासाठी नवीन जालन्याला गेलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं… होय, सुटल्यासारखंच.

देवही मोठा विनोदी. पंचेचाळिशी आली आणि माझ्याही ओठावर तीच काळी रेघ उमटली. नवऱ्याचं रेझर घेऊन मी कोरडंच खसाखसा ओढलं. ओठ पेटला, वर लाल पुटकुळ्या. विचारेल त्याला सांगायची, तिखटाचं बोट लागलं. आत्याबाई तोवर गेल्या होत्या. अक्कांनी एकदाच निरखून पाहिलं. "तिखट असं सरळ रेघेत लागतं व्हय गं?" आणि मला उजेडात बसवलं. "आदी कोमट पान्याचा फडका ठेव, केस मऊ पडू दे. मंग फेस लाव. कोरड्यावर कदी न्हाई. आता वरचा ओठ दातावर दुमडून धर, कातडं ताणलं पायजे. अन् दाबू नको बिलकुल. रेझरला त्याचं वजन हाय, तेवढं बास. नाकाकडून खाली, लहान लहान. दुसऱ्यांदा फिरवायचं तर फेसबी दुसऱ्यांदा." मग गार पाणी, ओली तुरटी आणि खोबरेल तेलाचा एक थेंब. "पातं बोथट झालं की टाकून दे, मायेनं ठेवू नको." माझा ओठ बाळाच्या गालासारखा झाला. एका शब्दानं टोमणा नाही. त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मग अक्कांची उजवी बाजू पक्षाघातानं गेली. लेकानं त्यांना नवीन जालन्याला नेलं. मी दर शनिवारी मंठ्याहून एसटीनं जायची, पिशवीत रेझर. त्यांना जेवण भरवायला सून होती. हे काम मात्र त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. अशाच एका शनिवारी त्यांचा ओठ दातावर दुमडलेला, वर फेस, आणि मी बोलून टाकलं, "अक्का, तवा आत्याबाईंना मी सांगितल्तं. चंपाबाईंनी न्हाई." वेळ मी निवडूनच घेतली होती. दुमडलेल्या ओठानं माणसाला उत्तर देता येत नाही. माझं शौर्य ते एवढंच! अक्कांचे डोळे माझ्यावर थांबले. मी कसाबसा ओठ पुरा केला. पुढच्या शनिवारी गेले तर त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याच्या पुढच्याही शनिवारी. ओठावर पांढरे खुंट वाढलेले दिसत होते, आणि मी रेझर तसंच परत आणत होते.

नंतर एक दिवस पुतण्याचा फोन. "काकू, आई बोलवून राह्यली. रेझर आना म्हनते." गेले. अक्का जड जिभेनं म्हणाल्या, "नीट कर. चंपीला बोलवलंय, येनार हाय." आणि ओठ आपणहून दुमडला. मी फडका कोमट पाण्यात बुडवला.

चंपाबाई गुडघे धरत आल्या, खाटेवर टेकल्या. मग चंपाबाईंनी अक्कांच्या ओठावरून बोट फिरवलं. "किती साफ! कुनी केलं गं?" अक्कांना शब्द जुळवायला वेळ लागला. "जिनं आत्याबाईंना सांगितल्तं… तिनंच." चंपाबाईंचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी फेसाची वाटी उचलली आणि बाहेर गेले.

दहाएक दिवसांनी अक्का गेल्या. मला माफ केलं की नाही, ते बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. तेरावा झाला आणि पुढच्या शनिवारी सवयीनं माझी पिशवी भरलेली, मी एसटीत बसलेली. जालन्याला उतरल्यावर ध्यानात आलं, आता कुणाचा ओठ! परतीची गाडी लागलेलीच होती. मी मात्र चंपाबाईंचं घर विचारत गेले.

दार त्यांनीच उघडलं. मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "चंपाबाई, माझं चुकलं." या वेळी समोरचीला उत्तर देता येत होतं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बहोत देर लावली सुमन," त्या म्हणाल्या. "चप्पल काढ. चहा घे. मंग काय बोलायचं ते मी बोलते."