दोनदा टकटक

एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता. तेवढ्यात दारावर दोनदा टकटक झाली. बेल असूनही दार वाजवणारं आमच्या इमारतीत एकच माणूस, तळमजल्यावरची स्क्रूमावशी.

"वहिनी, अर्ज लिहून द्या. माझ्या अक्षराला कोंबड्याही हसतील."

तोवर दूध उतू गेलं. गॅस मावशीनेच बंद केला.

बावीस वर्षं मावशी जुनी वॉशिंग मशीन खोलायच्या कारखान्यात आहे. तांबं वेगळं, लोखंड वेगळं, प्लास्टिक वेगळं. गंजका स्क्रू झटक्याने निघेल की तेल मागेल, हे तिच्या अंगठ्याला कळतं. नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी कामावर हजर. "घरी बसून काय भिंतींचे स्क्रू काढू?" म्हणाली होती.

गेल्या वर्षी तिथे रोबो आला. साहेबांनी मावशीच्या कपाळाला कॅमेरा बांधला. रोज करता तसं करा, तो बघून शिकेल. सहा महिने तिने हातचं काही राखलं नाही. लेकराचं कौतुक करावं तसं सांगायची, "आज केवढा कडक स्क्रू काढला हो त्याने!"

ह्यांनी तेव्हाच म्हटलं होतं, "मावशी, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय."

"मी नाही पाडला तर दुसरी कुणी पाडेल."

येत्या एक तारखेपासून तिला काम नाही.

मी कागद घेतला. "निदान झाडलोटीचं काम द्या, असं लिहू?"

"नको."

"अहो, बावीस वर्षं! मागायला काय जातं?"

"चौघींनी मागून झालं. साहेबांचं टेबल डुगडुगायचं, आता नाही डुगडुगत. चारही अर्ज त्याच्या पायाखाली आहेत."

हसावं की नाही, मला कळेना. मग तिने खरं काय ते सांगितलं.

आवारात महिनोन्‌महिने पडलेल्या मशीनमध्ये कधीकधी मांजर व्यालेली असते. म्हणून खोलण्याआधी मावशी पत्र्यावर दोनदा ठोकते. आत म्याव झालं, तर ते मशीन बाजूला. तिचं बघून रोबोही ठोकायचा, आणि शेजारी उभी राहून ती कान द्यायची. का ठोकायचं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, एवढं सगळं शिकला, तर हेही त्याला कळलंच असेल. साहेबांना मात्र त्यात चार सेकंद वाया जाताना दिसले. त्यांनी ते ठोकणं काढून टाकलं.

"परवा रोबोची करवत फिरली, वहिनी. आत पिल्लं होती," ती म्हणाली. चहावर साय धरली.

"हा अर्ज तरी वाचतील का?"

"नाही वाचणार बहुतेक. पण दोन गोष्टी मागितल्या तर नक्कीच नाही. एकच लिहा."

"सांगा."

"मशीन कापण्याआधी दोनदा ठोकावं, आणि आतून आवाज येतो का, ते कुणीतरी ऐकावं."