देव्हाऱ्यातलं कार्ड

गणपतीवर माझा विश्वास होता, पण तो आपलं ऐकतो यावर नव्हता. बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनला उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं आणि खर्च ऐकून आम्ही दोघं तसेच घरी आलो. ती पोट दाबून भाकरी थापायची आणि मी विचारलं की म्हणायची, "काही न्हाई हो, वात आहे." जालन्यातल्या सळईच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं भट्टीपुढे उभा राहिलोय, पण त्या दिवसांत खरी धग घरातच लागत होती. ती जाईल या भीतीनं मी पार खचलो होतो. शेवटी चतुर्थीला पहाटेच पायी राजूरच्या गणपतीची वाट धरली. नवस बोलायचा, नाही तर देवाशी एकदाचं भांडून यायचं, असं ठरवूनच निघालो.

अर्ध्या वाटेवर पाय बोलायला लागले, म्हणून एका पेरूच्या गाड्याजवळ टेकलो. गाडेवाले चाचा कधीकाळी माझ्यासारखेच कारखान्यात होते, फिटर. पेरूला मीठ लावता लावता त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि विचारलं, "पगारातून विम्याचं कापतेत का?"

"कापतेत ना, बराबर!" मी तणतणलो. "मिळत मात्र काहीच न्हाई."

"अन् विम्याचं कार्ड कुठंय?"

"देव्हाऱ्यात."

खरंच तिथं होतं. ते घरी आलं तो दिवस चतुर्थीचा. त्यावर आम्हा दोघांचा फोटो. बायकोला वाटलं, हा देवाचाच प्रसाद. तेव्हापासून ते गणपतीच्या तसबिरीला टेकून उभं होतं आणि दर चतुर्थीला त्याला हळदकुंकू लागत होतं. मला तो कागद म्हणजे पगार कापल्याची पावती वाटे, म्हणून मी कधी वाचलाच नाही.

चाचा एवढे हसले की हातातला पेरू निसटला. "अरे भाऊ, देवाला दवाखान्यात जायचंय का? तुझ्यापेक्षा जास्त मालक भरून राह्यला त्याच्यात. मेहरबानी न्हाई, कायदा है. घरवालीचा इलाज बिलकुल होतो. जा जल्दी माघारी."

"अन् दर्शन?"

"ती बरी झाली की दोघं या."

वाटेतून देवाला पाठ दाखवायची म्हणजे जिवावर आलं. तरी फिरलो.

कामगार विम्याच्या दवाखान्यात कारकुनानं कार्ड उलटसुलट केलं. फोटोत माझ्याशेजारी नुसता लाल गोळा होता. "यातल्या बाई कोणत्या?" बायको लाजून म्हणाली, "मीच. इतके दिवस स्वतःलाच कुंकू लावून राह्यले." सगळी रांग हसली, पोट धरून तीही हसली. तिथून मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली आणि ऑपरेशन सुखरूप झालं. ती शुद्धीवर येऊन "चहा पिला का?" म्हणाली, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून मनसोक्त रडलो.

पुढच्या एका चतुर्थीला दोघं राजूरला गेलो. येताना चाचांना प्रसाद दिला. "मी काय केलं? माघारी पाठवलं फक्त," ते म्हणाले. मला मात्र तेवढ्यात सगळं मिळालं होतं. देव ऐकत नाही म्हणून मी रुसलो होतो, आणि त्यानं दिलेलं आमच्याच घरात कुंकवाखाली झाकलेलं होतं. शरण जायचं म्हणजे मागत सुटायचं नाही, दिलेलं आधी नीट वाचायचं, एवढं मला उमगलं.

आता कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात असतं. चतुर्थीला ती कुंकवाचं बोट घेऊन येते, आणि मी मुकाट्यानं खिसा पुढे करतो.