डावीकडचा धूर

किसाआजी म्हणजे आमच्या वाडीचं नाक. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. हिवाळ्याच्या तोंडावर मुळे धुरावर टांगायचे दिवस आले, की बायका आपापल्या धुरीच्या खोपटातून एकेक मुळा काढून तिच्याकडे न्यायच्या. ती तो नाकाशी धरायची आणि सांगायची, चेरीचं लाकूड कमी पडलं, किंवा ओकची साल ओली होती. चाखायचीसुद्धा नाही. माझा मुळा हुंगून एकदा म्हणाली, "सूनबाई, हा धुरावर टांगला होतास की रागावर?" त्या दिवशी मी सासूशी भांडून आले होते. चारचौघींत माझं हसं झालं आणि मी ते पुढची दहा वर्षं मनात ठेवलं. माझा स्वभावच तसा आहे, राग मी धुरी दिलेल्या मुळ्यांसारखा कोंड्यात घालून मुरवते.

मला स्वतःला सून आली, नातवंडं आली, बासष्टावं लागलं, तरी किसाआजीच्या तोंडी मी सावागुचींची सूनबाईच राहिले. फुकुयो हे माझं नाव तिला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. ती स्वतः एकोणिसाव्या वर्षी वरच्या डोंगरातून इथे लग्न होऊन आली. तिचा नवरा भातकापणी झाली की तोक्योला बोगदे खणायला जायचा, तो लावणीच्या वेळी परतायचा. म्हणजे हिवाळा सगळा तिच्या एकटीच्या अंगावर. मुलगा मित्सुहारु तान्हा असताना त्याला पाठीशी बांधून तिनं छपरावरचं बर्फ ओढलेलं माझ्या सासूनं पाहिलं होतं. लाकडी फावडं आणि दोन हात यांवर तिनं तीस हिवाळे काढले. नवरा गेला, मुलगा सेन्दाईला नोकरीला लागला, तरी तिनं कुणाला हाक मारली नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांनीच नाही म्हटलं, तेव्हा वाडीच्या बैठकीत ठरलं की तिच्या दारापुढची वाट शेजारी म्हणून आम्ही काढायची.

आमचे हे, तोकुजी, शेतकरी संघाच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करत होते. आमचं बर्फ उडवायचं यंत्र तेच चालवायचे. पण छपरावरून पडून त्यांची कंबर मोडली आणि यंत्र माझ्या हातात आलं. तेव्हा मला कळलं की त्या यंत्राचा सायलेन्सर चालवणाऱ्याच्या बरोबर छातीसमोर उघडतो. वारा समोरचा असला की सगळा धूर तोंडावर. डोळ्यांतून पाणी, घशात खरखर, सकाळच्या मिसो सूपालासुद्धा पेट्रोलची चव. पहिला हिवाळा मी कसाबसा काढला आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला ह्यांना विचारलं, इतकी वर्षं तुम्ही हे सोसलंत कसं?

"मी तोंड बंद ठेवायचो," हे म्हणाले.

मग मी रोज जेवताना खोकू लागले. दोन घास, एक खोकला. चार दिवसांत हे काठी टेकत पडवीत गेले आणि जुन्या ट्रॅक्टरच्या नळीचा तुकडा घेऊन सायलेन्सरला एल्बो, म्हणजे धूर वळवणारी वाकडी नळी, जोडायला बसले. धूर कुठे वळवायचा, हा प्रश्न होता. वर वळवला तर नळीत बर्फ पडणार, म्हणजे वर टोपी करायला हवी, त्याला आणखी अर्धा तास. उजवीकडून बर्फ उडतं, तिथून धूर माझ्याच अंगावर परतणार.

"डावीकडे काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"डावीकडे काही नाही," मी म्हणाले. "आजीची भिंत आहे."

आमच्याकडे बर्फ कुठे टाकायचं याचे नियम फार कडक आहेत. शेजाऱ्याच्या दारात मूठभर पडलं तरी दोन पिढ्या बोलणं बंद होतं. आमच्या आळीचं बर्फ समोरच्या पाटात जातं आणि पाटाला आमच्या वाटणीचं पाणी सकाळी सहा ते सात सोडतात. त्यामुळे मी सहाला यंत्र आजीच्या भिंतीशी आणून उभं करायची, यंत्राची बर्फ फेकणारी मान उजवीकडे पाटावर धरायची आणि पाणी बर्फ वाहून नेईल तसतसं थोडं थोडं टाकायची. घाई केली तर पाट तुंबतो. वीस-पंचवीस मिनिटं यंत्र त्या एका जागी घुरघुरत असायचं. बर्फ काटेकोर उजवीकडे, धूर डावीकडे. धुराचा नियम कुणी केलेलाच नाही.

थंडीत आमच्या घरांच्या खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकतात, नाहीतर छपरावरून घसरलेलं बर्फ काचा फोडतं. आजीच्या त्या भिंतीत फळ्यांखेरीज एकच उघडी जागा होती, हवेसाठी केलेलं वाटीएवढं गोल भोक, पत्र्याची कड असलेलं. त्याच्या आत तिचं अंथरूण. काम संपवून मी इंजिन हळू केलं, की ती आतून पळीनं त्या पत्र्यावर दोनदा ठोकायची. टक टक. ते तिचं आभार मानणं. मीही हातमोज्यानं फळीवर दोनदा थापटायची आणि पुढे सरकायची. महिना महिना आम्ही एवढंच बोलायचो.

त्या हिवाळ्यात, एल्बो बसवल्यावर, मी सुखात होते. खोकला गेला, सूप सुपासारखं लागू लागलं. बैठकीत सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं, बासष्टाव्या वर्षी दोन घरांची वाट काढते म्हणून. मी मान खाली घालून नाही नाही म्हटलं आणि घरी येऊन ह्यांना ते दोनदा सांगितलं.

जानेवारीत आजीचं ठोकणं उशिरा येऊ लागलं. मग एकदाच यायचं. मग एके दिवशी आलंच नाही. मी दोन मिनिटं थांबले आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी येऊन मी ह्यांना म्हणाले, म्हातारीला माज आलाय, फुकटचं मिळालं की लोकांना किंमत राहत नाही. माझा जुना राग चांगला मुरलेला होता, आता तो बाहेर काढून मी चवीनं खात होते.

फेब्रुवारीत आजी दुपारची दारात दिसली, दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट. आज वार कोणता, हे तिनं मला एका दमात दोनदा विचारलं. डोकं जड आहे म्हणाली, झोप पुरत नाही म्हणाली. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी तिच्या घरातून करपल्याचा वास आला. मी धावत आत गेले. भांड्यात भाताचा कोळसा झाला होता आणि आजी हातभर अंतरावर बसून मला म्हणत होती, "ये सूनबाई, बस." सगळ्या वाडीचं नाक, आणि तिला स्वतःचा भात करपलेला कळला नाही.

मी त्याच दिवशी सेन्दाईला मित्सुहारुला फोन केला. आईचं आता काही खरं नाही, विसरते, आग लावून घेईल, असं सांगितलं. काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवताना थोडं बरंही वाटलं होतं. ती गेली तर पंधरा मीटर वाट कमी होईल, हा विचार माझ्या मनात आला होता आणि मी तो हाकलला नव्हता.

मित्सुहारु महिनाअखेरीला आला आणि तिला घेऊन गेला. चौसष्ट वर्षं राहिलेल्या घरातून ती एका पिशवीनिशी निघाली. दाराची कड धरून माझ्यापुढे वाकली आणि म्हणाली, "तुझे फार उपकार झाले." मी नाही नाही म्हटलं. बैठकीत म्हटलं होतं तसंच.

एप्रिलमध्ये बर्फ उतरलं. मित्सुहारुनं फोन करून सांगितलं, घर जरा उघडून हवा खेळू द्या, फळ्या काढा. मी हातोडी घेऊन गेले. वाटेवरचं बर्फ वितळल्यामुळे भिंतीतलं ते भोक आता माझ्या कपाळाशी होतं. त्याच्याभोवती पांढऱ्या भिंतीवर काळा डाग होता, पंख्यासारखा पसरलेला. हिवाळ्यात वाट गुडघाभर घट्ट बर्फानं उचललेली असते, तेव्हा हीच जागा यंत्राच्या नळीच्या बरोबर समोर येते, हे कळायला मला मोजपट्टी लागली नाही. आत गेले. भोकाची जाळी काळी होती, शेजारच्या दिनदर्शिकेचं पान राखाडी होतं. दिनदर्शिका जानेवारीवरच थांबली होती. भोकाखाली एक उशी होती आणि उशीवर पळी.

मी तिथेच खाली बसले. जड डोकं, झोप, दोन तऱ्हेचे बूट, करपलेला भात, सगळं एकामागून एक आठवत गेलं. ती म्हातारपणानं विसरत नव्हती. मी तिला रोज सकाळी वीस मिनिटं धूर पाजत होते आणि मग मुलाला फोन करून सांगत होते की आईचं काही खरं नाही.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे काठी घेऊन उठले. मग पडवीत गेले, एल्बो वरच्या दिशेला फिरवला आणि एका डब्याच्या पत्र्याची टोपी करून बसवली. परत येऊन म्हणाले, "अर्धा तासही नाही लागला." मला ते ऐकवत नव्हतं.

मित्सुहारुला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा छपराच्या कौलांबद्दल बोलले आणि ठेवला. शेवटी मे महिन्यात लावणी उरकल्यावर एकटीच गाडी घेऊन सेन्दाईला गेले.

मित्सुहारुनं तिला ठेवलेल्या वृद्धाश्रमाच्या पहिल्या मजल्यावर आजी खिडकीशी बसली होती. केस नीट विंचरलेले, डोळे स्वच्छ. मला बघताच म्हणाली, लावणी उरकली वाटतं, आणि ह्यांच्या कंबरेपासून माझ्या धाकट्या नातवाच्या दातापर्यंत सगळं नावानिशी विचारलं. इथं आल्यापासून डोकं दुखत नाही म्हणाली. तिचं डोकं जितकं लख्ख दिसत होतं तितकी मी आत आत जात होते. एका मुलीनं चहा आणून ठेवला.

"आजी," मी म्हणाले, "माझ्या यंत्राचा धूर तुमच्या भोकातून आत येत होता. हा सगळा हिवाळा."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पेट्रोलही शिळं घालतेस तू. मागच्या वर्षीचं उरलेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू माझी वाट काढून द्यायचीस. वर तुलाच बोल लावायचा?"

"निदान झाकण तरी लावायचं. आतून झाकण आहे त्याला, मी बघितलं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू ही सूनबाई अजून तशीच मंद आहे.

"झाकण लावलं असतं तर माझं ठोकलेलं तुला ऐकू कसं गेलं असतं?"

रोज सहाला ती त्या उशीवर येऊन बसायची. हातात पळी, कान भोकाशी. माझं इंजिन हळू व्हायची वाट बघत वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. पुढे पुढे बसल्या जागीच डोळा लागायचा, म्हणाली, जाग यायची तेव्हा बाहेर सामसूम असायचं, पळी मांडीवर पडलेली.

"तुला वाटलं असेल, म्हातारीला माज आला," ती म्हणाली.

"वाटलं," मी म्हणाले. दुसरं काही बोलण्याची लाज वाटली.

ती हसली. मी रडत होते, त्याकडे तिनं लक्ष दिलं नाही. मी म्हटलं, मीच मित्सुहारुला सगळं सांगते, तुम्हाला काही झालेलं नव्हतं, घरी चला, वाट मी काढीन, धूर आता वर जातो. ती मान हलवत राहिली. घर ऑक्टोबरात पाडायचं ठरलं होतं. रिकामं घर बर्फाखाली मोडून शेजाऱ्यांवर पडतं, म्हणून मित्सुहारुनं सही करून टाकली होती आणि तिनं त्याला हो म्हटलं होतं.

"फोन तूच केला होतास ना? तो म्हणाला मला," ती म्हणाली. "मी म्हटलं, बघ, सूनबाईचं माझ्यावर केवढं लक्ष असतं."

मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला राग देता येतो, त्यात मी तरबेज आहे. मी उठले, वाकले, वाकलेलीच राहिले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग तिचं नाक पुढे आलं.

"धूर वर वळवलास म्हणतेस," ती म्हणाली. "वारा पडला की तुझ्याच तोंडावर येईल तो. तोकुजीला सांग, टोपी जरा पुढे झुकव म्हणावं."

मी हो म्हटलं आणि खाली आले. गाडीत बसून इंजिन सुरू केलं. वर बघितलं तर आजी खिडकीशी उभी होती, हातात चहाचा चमचा. तिनं तो काचेवर ठोकायला उचलला. मी इंजिन बंद केलं, गाडीची काच खाली केली, श्वाससुद्धा रोखला. तिथल्या काचा जाड आहेत. तिचा हात दोनदा हलला, तेवढं दिसलं.