जाऊबाईंच्या गोळ्या

दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा तपासायची ती थोरली जाऊ; शेजारच्या खोलीत मलेरियाच्या गोळ्या द्यायची ती धाकटी. डोळे फोडून जंतू हुडकायचे थोरलीनं, आणि ताप उतरला की लोक हात जोडणार धाकटीला! "सिस्टर, तुमच्या हाताला गुण आहे हो." घरी सासूबाईंचंही तेच पालुपद. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात आज एका सुताराच्या रक्ताची काच आली. गोळ्या संपल्या तरी ताप हटला नव्हता, आणि काचेवर जंतू तसेच, जांभळ्या खड्याच्या अंगठ्यांसारखे. थोरलीला आधी हसूच फुटलं. वाईट, पण फुटलं.

"बघा डॉक्टर, आमच्या सिस्टरचा प्रताप!" दार मुद्दाम उघडं ठेवून ती म्हणाली.

धाकटी धावत आली. "वहिनी, सगळ्या गोळ्या मी समोर बसवून गिळायला लावल्यात!"

"अगं, लोक गालात धरतात, बाहेर जाऊन थुंकतात. तुझं लक्ष गप्पांत."

डॉक्टर गंभीर झाले. "गोळ्या पोटात गेल्या नसतील, तर त्याच परत देऊ, आणि हे काम दुसऱ्या कुणाकडे देऊ. पण गेल्या असतील, तर जंतू औषधाला सरावलेत. इतकी वर्षं एकच औषध चालवतोय, कधीतरी होणारच. मग दुसरं औषध आत्ताच हवं, नाहीतर हा हातचा जाईल. गिळताना सिस्टरखेरीज कुणी पाहिलंय?"

थोरलीच्या जिभेवर 'नाही' आलंच होतं. बाकावर सुताराचे दात कडकड वाजत होते. बायको त्याच्या पायांवर चादर ओढायची, की खांदे उघडे पडायचे.

"मी पाहिलंय," थोरली फाडकन म्हणाली. "सगळ्या गिळल्यात. हिनं जीभ वर करून दाखवायला लावली होती. औषध बदला."

"आणि मघाशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मघाशी खोटं बोलले."

डॉक्टर औषधांच्या कपाटाकडे वळले.

"पण वहिनी, तुम्हाला दिसलं कुठून?"

"मधल्या खिडकीतून."

"तिला पडदा आहे."

"सरकवते."

"रोज?"

"हो, रोज! कोण तुला काय म्हणतं, तू कशी हसतेस, सगळं बघते. झालं समाधान?"

धाकटीनं नवीन गोळ्या हातात घेतल्या. "मग आज आतच या. खुर्ची देते."

"नको. उभ्यानं नीट दिसतं," म्हणत थोरली सुताराच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.