काटा चढेना

बाबांनी एकतीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळला. नजर दाबाच्या काट्यावर आणि तोंडाला कुलूप. त्या आवाजात बोललं तरी ऐकणार कोण? छातीत कळ आली तेव्हासुद्धा त्यांनी आधी आग कमी केली, मगच खाली बसले.

दीड महिन्यानं चालायची परवानगी मिळाली. मी उपकरणांची इंजिनिअर, त्यात एकुलती एक लेक. त्यांच्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ बांधलं, दोनशे विसातून वय वजा करून त्याच्या सत्तर टक्क्यांचा हिशोब मांडला आणि सांगितलं, "चालताना आकडा एकशे दहापर्यंत गेला पाहिजे."

चौथ्या दिवशी ते जिन्यात कठडा धरून उभे दिसले. ओठ पांढरेफटक, सदरा घामानं चिंब.

"अहो, जीव द्यायचाय का?" आई ओरडली.

"काटा चढेना," ते धापा टाकत म्हणाले. "ब्याण्णववर अडलाय. म्हणजे... आग कमी पडतेय. म्हणून वाढवली."

मी धावत जाऊन रिक्षा आणली.

दवाखान्यात ईसीजी ठीक निघाला. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं. "सकाळची गोळी ठोके आवरायलाच दिलीय. कितीही दमलात तरी नाडी फारशी चढणार नाही. हा आकडा कुणी काढला?"

"आमच्या इंजिनिअरनं," आई म्हणाली.

"घड्याळ काढा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धापेनं वाक्य तुटलं की थांबायचं."

"म्हणजे बडबड करायची?" बाबा खरोखरच घाबरले.

आता मी रोज सोबत चालते. ते नाइलाजानं बोलतात: कुणाचं फाटक गंजलंय, कुणाचा नळ गळतोय. आज चढावर एकदम गप्प झाले. दहा पावलं, पंधरा.

"बाबा?"

मी पुढे होऊन त्यांच्या ओठांकडे पाहिलं. रंग ठीक होता.

"विषय संपले गं," ते एका दमात म्हणाले. "एक राहिलाय, पण तू चिडशील."

"बोला."

"गोळीनं काटा अडतो म्हणाल्या ना त्या? म्हणून तीन दिवस अर्धीच घेतोय."

मी त्यांचा दंड घट्ट धरला, त्यांना तिथल्याच एका घराच्या पायरीवर बसवलं आणि दवाखान्याचा नंबर लावला.